डब्यातली पिल्सनर आणि शेगडीजवळची खुर्ची

बोहूश व्होंद्राशने चौतीस वर्षं प्लझेनमध्ये तेरा नंबरची ट्रॉलीबस चालवली आणि त्या चौतीस वर्षांत एकाही माणसाचा सल्ला घेतला नाही. कोणी म्हणालं, "जरा कोपऱ्यावर सोडा," तर तो थांब्यावरच सोडायचा. कोणी म्हणालं, "आज उशीर झाला," तर घड्याळ त्या माणसाचं पुढे असायचं. निवृत्तीनंतर ट्रॉलीबस सुटली, पण सवय सुटली नाही. घरात नवी वस्तू आली की तिच्यासोबतचा माहितीचा कागद तो आधी चुरगळून फेकायचा. कपडे धुण्याचं मशीन त्याने असंच बसवलं आणि पहिल्याच दिवशी ते स्वयंपाकघरातून निघून थेट बाहेरच्या दारापर्यंत चालत गेलं. "दणकट आहे," बोहूश म्हणाला आणि त्याला ढकलत परत घेऊन आला.

आता बिअरचं म्हणाल तर पिल्सनर बिअर याच गावात जन्मलेली, आणि प्लझेनमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाला वाटतं की बिअर करणं आपल्याला येतंच, फक्त करून बघायची वेळ आली नाही. वेळ येणार कशी? कोपऱ्याकोपऱ्यावर जगातली सगळ्यात चांगली पिल्सनर तोटीतून मिळत असताना घरी खटपट कोण करील? बोहूशनेही जन्मात कधी केली नव्हती. मतं मात्र भरपूर होती. ब्रुअरीकडून वारा आला की तो ट्रॉलीबसची खिडकी खाली करून नाक बाहेर काढायचा आणि मागे बसलेल्या बायकांना सांगायचा, "आज हॉप्सची फुलं जरा उशिरा टाकलीत." बायका माना डोलवायच्या, कारण स्टीयरिंग त्याच्या हातात होतं.

रोज संध्याकाळी पाच वाजता तो 'तीन चाव्या' नावाच्या गुत्त्यात जायचा. तिथे नेहमीच्या मंडळींचं एक गोल टेबल होतं आणि टेबलाला सहा खुर्च्या. त्यातली हिरव्या टाइल्सच्या शेगडीला पाठ लागून असलेली खुर्ची बोहूशची. तिथून तोटी दिसायची, दार दिसायचं, आणि पाठ शेकत राहायची. ती खुर्ची त्याला फुकट मिळाली नव्हती. 'तीन चाव्या'मध्ये खुर्ची रिकामी व्हायची तर कोणाला तरी मरावं लागायचं. तोवर सातव्या माणसाने संडासाच्या दाराजवळच्या तिपाईवर बसायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकासाठी उठून वाट द्यायची. बोहूशने त्या तिपाईवर अकरा वर्षं काढली. मग एक म्हातारा प्लंबर सगळ्यांना चटका लावून गेला, आणि बोहूश शेगडीजवळ आला. त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली होती.

सध्या तिपाईवर आलोइस होता. निवृत्त पोस्टमन, सडपातळ, कमरेने अधू. नऊ वर्षं तो तिथे बसून साही जणांच्या तब्येतीची आपुलकीने चौकशी करायचा. बोहूशची जरा जास्तच करायचा.

त्या सप्टेंबरात बोहूशला अडुसष्टावं लागलं. मुलगी हेडविका आणि जावई हिनेक मुद्दाम मोराव्हियाहून आले आणि वाढदिवस 'तीन चाव्या'त झाला. हिनेक द्राक्षमळ्यांच्या गावचा, वाइन पिणारा. असा जावई प्लझेनच्या घरात आला की त्याचं काय होतं ते सांगायला नको. बोहूश त्याला बारा वर्षं टोमणे मारत होता आणि हिनेक बारा वर्षं सासऱ्याला खूश करायचा प्रयत्न करत होता. यंदा त्याने मोठं खोकं आणलं होतं. बोहूशने सगळ्यांसमोर ते फोडलं. आत झाकणाची मोठी पांढरी बादली, एक वळणदार काचनळी, यीस्टची पुडी, घडी केलेला कागद आणि एक जाडजूड डबा. डब्यावर मेंढीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: पिल्सनर.

सगळ्यांच्या माना डब्याकडे वळल्या.

"हे काय आहे?" बोहूशने विचारलं.

"बिअरचं किट आहे, बाबा," हिनेक उत्साहाने म्हणाला. "डब्यात जवाचा घट्ट पाक असतो. पाणी घालायचं, यीस्ट टाकायचं, की घरच्या घरी पिल्सनर तयार! न्यूझीलंडहून मागवलं."

आधी आलोइस हसला. मग सगळं टेबल हसलं. शेजारच्या टेबलाने विचारलं काय झालं, त्यांना सांगितलं, तेही हसले. तोटीवाला वेन्देलीन कधी तोटी सोडून हलत नाही, तोसुद्धा हात पुसत आला, त्याने डबा उचलून कानाशी हलवला आणि परत ठेवला.

"मेंढीची पिल्सनर," तो म्हणाला. "प्लझेनमध्ये. माझ्या छपराखाली."

"जावईबापू, पुढच्या वर्षी पावडरची वाइन आणा!" कोणीतरी ओरडलं.

हिनेकचे कान लालबुंद झाले. तो बिचारा पेल्यात बघत बसला. आणि बोहूशच्या डोक्यात तिडीक गेली. जावयाला हसायचा हक्क त्याचा होता, बारा वर्षं राबून मिळवलेला. हे कोण लागून गेले? तो टेबलावर हात आपटून उभा राहिला.

"हसा, हसा. डबा कुठला का असेना, करणारा कुठला आहे ते महत्त्वाचं! प्लझेनचा माणूस असेल तर या डब्यातूनही अशी पिल्सनर काढील की तुम्ही पेले चाटाल. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला इथेच, याच टेबलावर पाजतो तुम्हाला."

"आणि नाही जमली तर?" तिपाईवरून आलोइसने हळूच विचारलं.

बोहूशने इकडेतिकडे पाहिलं. मागे फिरायला जागा नव्हती, मागे शेगडी होती. "नाही जमली तर ही खुर्ची तुझी. मी बसतो संडासापाशी."

असं जिवंतपणी खुर्ची सोडण्याबद्दल त्या गुत्त्यात कोणी कधी बोललं नव्हतं. वेन्देलीनने पेल्याखालचा पुठ्ठा उचलला, त्यावर पैज लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि पुठ्ठा तोटीच्या वर खिळ्याला टोचला. बरी-वाईट ठरवणारा वेन्देलीनच असणार होता. दुसऱ्या दिवशी आलोइस घरून उशी घेऊन आला. बोहूशची खुर्ची जरा कडक वाटते, म्हणाला, उशी बसते का बघतो.

शनिवारी सकाळी बोहूशने बायकोला, ब्लाझेनाला, स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. ती क्नेडलिकचे गोळे वाफवायला पीठ भिजवत होती. परातीसकट तिला बैठकीच्या खोलीत जावं लागलं.

"कागद वाचलास का?" तिने तिथून विचारलं.

"वाचला."

खरं तर त्याने दोनच ओळी वाचल्या होत्या. हिनेकने इंग्रजी कागदावर पेन्सिलीने चेक भाषेत अर्थ लिहून दिला होता. पहिली ओळ म्हणत होती, किलोभर साखर घाला. बिअरमध्ये साखर! बोहूशने दोन वेळा वाचलं आणि त्याला घाम फुटला. दुसरी ओळ म्हणत होती, बादली वीस ते पंचवीस अंशांत ठेवा. पंचवीस अंश म्हणजे सूप झालं. पिल्सनर थंड्या तळघरात आंबते, हे प्लझेनमध्ये पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. जगाच्या पार खालच्या टोकाला राहणाऱ्या, मेंढ्या राखणाऱ्या लोकांना काय कळणार? त्याने कागदाची घडी करून ती टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं, तेवढा कागदाचा उपयोग झाला.

पुढचं काम मात्र त्याने मन लावून केलं. नाही म्हणायला माणूस हाताचा स्वच्छ होता. बादली तीन वेळा उकळत्या पाण्याने धुतली. डबा गरम पाण्यात उभा करून पाक सैल केला. साखरेऐवजी बेकरीवाल्या चुलतभावाकडून जवाच्या पाकाची बरणी आणली होती, ती ओतली. झातेत्सच्या शेतातली हॉप्सची कडू फुलं मूठभर उकळून, गाळून घातली. घरभर असा वास सुटला की समोरच्या घरातला म्हातारा खिडकी उघडून उभा राहिला. पाणी घातलं, ढवळलं, निवू दिलं, यीस्ट शिंपडलं, झाकण लावलं, झाकणात ती वळणदार नळी खोचली. आंबायला लागलं की त्या नळीतल्या पाण्यातून बुडबुडे येतात, गुळुक, गुळुक. मग वीस लिटरची ती बादली छातीशी धरून तो एकेक पायरी मोजत तळघरात उतरला. तळघरात बारा महिने नऊ अंश असायचे. बटाट्यांच्या शेजारी बादली ठेवून तो उलट्या खोक्यावर बसला आणि गुळुकची वाट पाहू लागला.

पहिल्या दिवशी गुळुक झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"पिल्सनरला घाई नसते," तो जेवताना म्हणाला. ब्लाझेनाने काही विचारलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून तो कानटोपी आणि कोट घालून खाली बसू लागला. नळीतलं पाणी आरशासारखं स्थिर. एकदा त्याने बादलीला बोटाने टिचकी मारली. एकदा तिच्याशी चार शब्द गोड बोलला. पाचव्या दिवशी बुडबुडा आल्यासारखा वाटला, पण ते त्याच्याच नाकातलं पाणी टपकलं होतं.

आणि रोज पाच वाजता गुत्त्यात जायचं होतंच.

"काय म्हणते मेंढी?" वेन्देलीन विचारायचा.

"उकळतेय नुसती! काल झाकण उडायची पाळी आली. रात्री आवाजाने झोप नाही."

"इतकी?" आलोइस उशी थोपटत म्हणायचा. "अरे वा. तब्येत सांभाळ हो. पाठीला गार वारं लागू देऊ नकोस. शेगडीपासून लांब राहायचंय आता."

बोहूश हसायचा, पण बिअर त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. रोज चार पेले पिणारा माणूस दोनांवर आला. अकरा वर्षांची ती तिपाई त्याला आता जागेपणीच दिसायला लागली. शेगडीच्या टाइल्स तो पाठीने अशा चाचपायचा की बघणाऱ्याला त्याची दया यावी.

सहाव्या दिवशी ब्लाझेना बटाटे आणायला तळघरात उतरली. कानटोपी घातलेला नवरा बादलीला टेकून बसलेला तिला दिसला.

"बोहूश, माझ्या बनांचं पीठ मी कुठे ठेवते?"

"मला काय माहीत? रजईखाली."

"का ठेवते?"

"फुगावं म्हणून."

"मग याला का इथे गारठवून मारतोस? यीस्टच ना तेही? त्याला ऊब लागते."

बोहूश खोक्यावरून ताडकन उठला. "ब्लाझेना, ते खसखशीचे बन आहेत आणि ही पिल्सनर आहे. तुमचं ते स्वयंपाकाचं यीस्ट. हे वेगळं. याला थंडी आवडते. ब्रुअरीच्या तळघरांत माणसं ऑगस्टमध्ये लोकरीचे कोट घालून जायची, माझ्या आजोबांनी डोळ्यांनी बघितलंय. बिअरमधलं मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत," ब्लाझेना म्हणाली आणि बटाटे घेऊन वर गेली.

आता या यीस्टचा स्वभाव काय होता, ते सांगून टाकायला हवं. डब्यावर पिल्सनर लिहिलं असलं तरी पुडीतलं यीस्ट ऊबदार हवेचं होतं. वीस अंशांच्या वर जागं होणारं, नऊ अंशांत पाय पोटाशी घेऊन झोपणारं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने कागद वाचला असता, बादली कपाटाशेजारी ठेवली असती आणि मोकळा झाला असता. ही चूक करायला माणूस प्लझेनचाच लागतो, ज्याला सगळं आधीपासून माहीत आहे असा.

आठव्या दिवशी बोहूशला राहवेना. अळंबी आणायला जातो असं सांगून तो शुमावाच्या जंगलात बहिणीच्या झोपडीवर तीन दिवसांसाठी निघून गेला. पळून गेला म्हटलं तरी चालेल. पण तिथे मेव्हण्याने त्याला, कुठली अळंबी घ्यावी आणि कुठली घेऊ नये, याबद्दल सल्ला दिला. बोहूशने टोपली उचलली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारच्या गाडीने घरी परत आला.

घरात शांतता होती. ब्लाझेना मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. चिखलाची विजार बदलायला बोहूश झोपायच्या खोलीत गेला आणि दारातच थिजला.

त्याच्या पलंगावर, त्याच्या बाजूला, त्याच्या पिसांच्या रजईखाली कोणीतरी झोपलं होतं. ठेंगणा, गोलमटोल गृहस्थ. पोट चांगलंच वर आलेलं. डोक्यावर बोहूशचीच कानटोपी. भर दुपारी खिडक्या बंद करून आरामात पडलेला. त्रेचाळीस वर्षांचा संसार डोळ्यांपुढून गेला. आणि तेवढ्यात तो गृहस्थ ढेकर देऊन म्हणाला, "गुळुक."

बोहूशने टोपलीतली अळंबी कापायची सुरी बाहेर काढली. "कोण आहेस रे तू?"

"गुळुक," गृहस्थ म्हणाला. "गुळुक, गुळुक."

"ऊठ म्हणतो ना! माझ्या घरात, माझ्या टोपीत!"

"बोहूश, ओरडू नकोस," दारातून ब्लाझेना म्हणाली. तिच्या खांद्यावर ओली चादर होती. "बसेल परत ते खाली. नुकतं कुठे जोर धरतंय."

तिने रजई बाजूला केली. आत बादली. बादलीला लोकरीची शाल गुंडाळलेली, बाजूला गरम पाण्याची पिशवी, आणि नळीतून बुडबुडे असे चालले होते की मोजता येऊ नयेत. टोपी झाकणावर होती, नळीच्या मागे. बोहूश पलंगाच्या कडेवर बसला. सुरी हातात तशीच.

"पलंगात?" तो इतकंच म्हणाला.

"बावीस अंश. हिनेकला फोन केला होता मी. म्हणाला, आई, कागदात स्पष्ट लिहिलंय. बाबांना सांगायला घाबरत होता बिचारा."

"पिल्सनर. पलंगात. रजईखाली." बोहूशचा आवाज चिरकला. "हे जर 'तीन चाव्या'त कळलं ना, तर मला गाव सोडावं लागेल. आत्ताच्या आत्ता ओतून टाकतो."

"ओत की. मग संडासाच्या दाराशी बसायला जाताना ती आलोइसची उशी मागून घे. तिपाई टणक असते म्हणे."

बोहूश उठला. बादलीपर्यंत गेला. झाकणाशी नाक नेलं. नळीतून येणारा वास त्याला ओळखीचा होता. ट्रॉलीबसच्या खिडकीतून चौतीस वर्षं यायचा, तोच वास, त्याच्या स्वतःच्या पलंगातून येत होता. त्याने रजई उचलली आणि बादलीच्या गळ्यापर्यंत नीट पांघरली.

पुढचे नऊ दिवस तो बैठकीतल्या सोफ्यावर झोपला, कारण पलंग अडला होता. बायकोशी तो बोलत नव्हता, फक्त सकाळ-संध्याकाळ विचारायचा, "कसं आहे?" आणि ती म्हणायची, "दम आहे अजून." बुडबुडे थांबल्यावर दोघांनी मिळून तारेच्या बुचांच्या जुन्या बाटल्यांत बिअर भरली. ब्लाझेना नळी धरायची, बोहूश बुचं दाबायचा. गॅस धरावा म्हणून बाटल्या आठवडाभर पलंगाखाली ठेवल्या. मग ब्लाझेनाच म्हणाली, "आता ने तुझ्या तळघरात. आता हिला थंडी हवी. हिनेक म्हणाला, जितकी थंडीत मुरेल तितकी चांगली." बोहूशने एकेक बाटली अशी खाली नेली, जणू हे सगळं पहिल्यापासून त्याच्याच मनात होतं. सहा आठवडे बाटल्या बटाट्यांशेजारी मुरल्या. मधे त्याने एकही उघडली नाही. धीरच झाला नाही.

सेंट मार्टिनच्या दिवशी 'तीन चाव्या'त पाय ठेवायला जागा नव्हती. भाजलेला हंस, तांबडी कोबी, ताटभर क्नेडलिक. सणाचा दिवस म्हणून बायकामाणसंही आली होती. ब्लाझेना नवऱ्याच्या खुर्चीशेजारी बाक ओढून बसली होती, मांडीवर ताट घेऊन. आलोइसने चांगला कोट घातला होता आणि उशी काखेत धरली होती.

वेन्देलीनने बाटलीला हात लावण्याआधी हातरुमाल घेतला. आयुष्यात त्याने बाटलीतून बिअर ओतली नव्हती. थंड पाण्यात पेला बुडवला, तिरपा धरला, ओतलं. सोन्यासारखा रंग आला. वर फेस चढला, तीन बोटं जाड, पांढराशुभ्र. वेन्देलीनने पेला दिव्याकडे धरला, वास घेतला आणि घोट घेतला. फेसाची एक कडी काचेला चिकटली. दुसरा घोट, दुसरी कडी. सगळा गुत्ता श्वास रोखून बघत होता. बोहूश खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसला होता.

तिसऱ्या घोटाला वेन्देलीनने डोळे मिटले.

"आलोइस," तो म्हणाला, "उशी घरी ने."

एकच गलका झाला. बाटल्या फिरल्या, पेले भरले, आलोइसनेही चाखली आणि नाइलाजाने मान हलवली. त्याचा चेहरा इतका उतरला की समोरच्याने त्याच्या ताटात हंसाची तंगडी ठेवली.

"थंडीचं काम आहे हे," वेन्देलीन सगळ्यांना समजावत होता. "सावकाश, गार तळघरात, जुन्या पद्धतीने. उबेत आंबवली असती ना, तर पहिल्या घोटाला मला कळलं असतं. याला म्हणतात प्लझेनचा हात! सांग बोहूश, किती अंशांत ठेवली होतीस?"

बोहूशने हातातला पेला उगाच फिरवला.

"खरं म्हणजे अजून दोन दिवस उबेत हवी होती," शेजारून ब्लाझेना म्हणाली. तिने एक घोट घेऊन पाहिला होता. "शेवटाला जराशी गोडसर लागतेय."

टेबल हसलं. "ब्लाझेनाबाई, तुम्ही हंस खा!" वेन्देलीन प्रेमाने म्हणाला. "उबेत म्हणे! बिअर म्हणजे काय खसखशीचे बन?"

पुन्हा हशा पिकला. ब्लाझेनाने क्नेडलिकचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. तिला राग आलेला दिसत नव्हता, आणि तेच बोहूशला सोसेना. हे वाक्य जवळजवळ त्याचंच होतं, तळघरात त्यानेच तिच्या तोंडावर फेकलेलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती मूर्खासारखं वाटतं, हे त्याला पहिल्यांदा कळलं. पाठीमागे शेगडी मस्त तापलेली. सत्तावीस वर्षांची खुर्ची शाबूत. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. त्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि पेला खाली ठेवला.

"मी नाही केली ही," तो म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. तो उभा राहिला. "अरे ऐका! मी तळघरात ठेवली होती, तिथे ती मेली होती. आठ दिवस एक बुडबुडा नाही. तुम्हाला मी थापा मारत होतो. हिने वर नेली. माझ्या पलंगात निजवली, रजई घालून, बावीस अंशांत. माझी टोपीसुद्धा घातली होती तिला. जे काय जमलंय ते हिने जमवलंय. मी बुचं दाबली."

तोटी ठिबकत होती तेवढी ऐकू आली. वेन्देलीनने हातातल्या पेल्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक बरंच काही गेलं. शेवटी त्याने उरलेली बिअर एका दमात संपवली, खिळ्यावरचा पुठ्ठा काढला आणि मोठ्याने वाचला.

"बिअर चांगली झाली, तर खुर्ची बिअर करणाऱ्याची," तो म्हणाला. "चांगली झालीय. ते मी परत घेत नाही. ब्लाझेनाबाई, या."

"मी?" ब्लाझेना म्हणाली. "मी तर हंस खायला आले होते."

"खा की. इथे बसून खा."

"आणि मी?" आलोइस कळवळून म्हणाला. "पैज तो हरला ना? मग मला काय?"

"तुझी तिपाई तुला आहेच," वेन्देलीन म्हणाला आणि बोहूशच्या बाटल्या ज्यातून आल्या होत्या तो रिकामा क्रेट आणून संडासाच्या दाराच्या दुसऱ्या बाजूला उलटा ठेवला. बोहूश आपला पेला घेऊन तिकडे गेला आणि त्यावर बसला. त्याला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त हलकं वाटत होतं. आलोइसने त्याच्याकडे पाहिलं, मग ताटातली तंगडी मोडून अर्धी त्याला दिली.

ब्लाझेना उठली, ताट घेऊन आली आणि शेगडीजवळच्या खुर्चीत बसली. "आलोइस, ती उशी राहू दे इथेच," म्हणाली. आलोइसने उशी आणून दिली. ती नीट सरकून बसली. पाठ टाइल्सना टेकवली. मान वळवून तिने शेगडीकडे पाहिलं, तळहात लावून बघितला, आणि सगळ्या गुत्त्याच्या डोक्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"बोहूश," ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं तू घरी येऊन सांगतोस की त्या गुत्त्यात गारठून जातो. सत्तावीस वर्षं मी रोज तुझ्या बाजूला गरम पाण्याची पिशवी ठेवतेय."

नशिबाने तेवढ्यात कोणीतरी संडासाला आलं आणि बोहूशला उठून वाट द्यावी लागली.